लाइट गेल्यानंतर प्रिंटिंग मशीन रेंगाळतंय? या चुका टाळा

मे महिन्यात दुपारभर ऊन भाजून काढतं, संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि लाइट जाते. नाशिकमध्ये फ्लेक्स-व्हिनाइलचं काम करणाऱ्याला हे नवीन नाही. तासाभरात लाइट येतेही, मशीन चालू होतं, कुठे एरर नाही. पण सकाळी पाच मिनिटांत निघणाऱ्या बॅनरला आता पंधरा मिनिटं लागतात.

अशा वेळी मला येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “दादा, हेड गेलं का हो?” बहुतेक वेळा हेडला, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाला, काहीही झालेलं नसतं. पण तपासणीची सुरुवातच हेडपासून केली, तर धडधाकट हेडचीसुद्धा वाट लागते. सगळ्यात मोठी चूक हीच.

आधी दोन मिनिटं नुसतं कॅरेज बघा

एक जॉब सोडा, हात मागे घ्या आणि हेडला घेऊन इकडून तिकडे फिरणारं कॅरेज कसं चालतंय ते बघत उभे राहा.

कॅरेज काठाला जाऊन थांबत असेल, क्षणभर वाट बघून मग निघत असेल, तर मशीन ठीक आहे. त्याच्यापर्यंत डेटा वेळेवर येत नाहीये. न थांबता दोन्हीकडे जातंय, पण शाई एकाच दिशेने पडते आणि परतीची फेरी कोरी जाते, तर मशीन किंवा रिप (फाइलचे ठिपके करून मशीनला पाठवणारं सॉफ्टवेअर) ‘युनि’वर, म्हणजे एकाच दिशेच्या छपाईवर, गेलंय. दोन्हीकडून छापतंय, वेगही नेहमीचा, पण मीडिया (छापायचं फ्लेक्स-व्हिनाइल) दर फेरीला अगदी थोडा पुढे सरकतो, तर पास, म्हणजे एकाच पट्टीवरून होणाऱ्या हेडच्या फेऱ्या, वाढलेत. आणि कॅरेज धक्के खात किंवा अडखळत चालत असेल, तर एन्कोडर स्ट्रिपवर (कॅरेज कुठे आहे हे मशीनला सांगणाऱ्या पट्टीवर) शाईचे कण बसलेत का ते बघा. ती स्ट्रिप मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसा. थिनर लावू नका, तिच्यावरच्या बारीक रेघा त्याने उडू शकतात.

डेटा कुठे अडतो

सातपूरच्या एका दुकानातली गोष्ट सांगतो. लग्नाचे बोर्ड होते, रात्री नऊपर्यंत द्यायचे. दुकान वहिनी सांभाळतात. त्या म्हणाल्या, “दादा, तीनदा क्लीनिंग मारलं, नोझल चेक एकदम साफ येतोय, तरी मशीन थांबून थांबून चालतंय.” नोझल म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रं; ती उघडी आहेत का हे नोझल चेकच्या छापात दिसतं. गेलो तर वेस्ट इंकची बाटली निम्मी भरलेली. कॅरेज प्रत्येक काठाला थांबत होतं. मी कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारला. लॅनच्या वायरचं टोक पोर्टमध्येच होतं, पण थोडं बाहेर सरकलेलं. त्याची प्लॅस्टिकची बारीक जीभ तुटली होती आणि पोर्टचा दिवा बंद. अंधारात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला असणार. कॉम्प्युटरने आपोआप वायफाय पकडलं होतं आणि मशीन राउटरला जोडलेलं असल्यामुळे जॉब तिथूनच जात होता. म्हणून एरर नाही, फक्त उशीर.

हा उशीर किती, त्याचा हिशेब करून बघा. 4 बाय 3 फुटांचं काम म्हणजे 48 बाय 36 इंच. 720 बाय 720 डीपीआयला (दर इंचाला ठिपके) त्याचे जवळपास 90 कोटी ठिपके होतात. चार रंग, प्रत्येक ठिपक्याला 2 बिट धरले तर सुमारे 900 एमबी डेटा. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे साडेबारा एमबी) वायरीवर तो सव्वा मिनिटात पोचतो. भिंतीपलीकडचं अशक्त वायफाय 10 एमबीपीएस देत असेल तर बारा मिनिटं. मशीन पाच मिनिटांत छापायला तयार आहे आणि माल बारा मिनिटांत येतोय. मग ते काठाला थांबणारच.

वहिनींचं काम नव्या वायरीवर भागलं. यूएसबीच्या मशीनला हेच दुखणं वेगळ्या वाटेने होतं. लाइट आल्यावर घाईत वायर हबमधून किंवा लांब एक्स्टेन्शनमधून लावली जाते, आणि 480 एमबीपीएसची यूएसबी 2.0 जोडणी 12 वर घसरू शकते. वायर सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा.

वायर ठीक असेल तर कॉम्प्युटर बघा. अचानक बंद पडलेला कॉम्प्युटर चालू झाल्यावर हार्डडिस्क तपासत बसतो, अँटिव्हायरस आपलं काम काढतो, आणि रिपच्या टेम्प फोल्डरमध्ये अर्धवट जॉब पडून राहतात. इथे एक चूक सर्रास होते: जॉब हळू जातोय म्हणून तोच पुन्हा पाठवायचा, मग पुन्हा. रांग लांबते, ड्राइव्ह भरते, रिप आणखी हळू होतं. रांग पूर्ण रिकामी करा, रिप बंद करून टेम्प साफ करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि एकच जॉब सोडा.

पास वाढवून लाइनी झाकू नका

लाइट छपाई चालू असतानाच गेली तर हेड कॅपिंगवर (हेड झाकून ओलं ठेवणाऱ्या टोपीवर) परत जात नाही. मधेच मीडियावर उघडं राहतं आणि मेच्या उकाड्यात नोझलवरची शाई सुकायला लागते. लाइट आली की छपाईत लाइनी दिसतात. गिऱ्हाईक समोर उभं, म्हणून ऑपरेटर 4 पासचं काम 8 वर टाकतो. लाइनी दबतात, वेळ दुप्पट होतो. संध्याकाळी तो घरी जातो, सेटिंग तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी मालक विचारतात, मशीन स्लो का झालं?

लाइट गेल्या गेल्या करायचं काम वेगळं आहे. मशीनचा मेन स्विच बंद करा. मीडिया फुगून हेडला लागत नाही ना ते टॉर्चने बघा. मग कॅरेज हाताने हळूच कॅपिंगपर्यंत सरकवा. सरकत नसेल तर जोर लावू नका. काही मशीनमध्ये कॅप मोटरने वर येते, तिथे नुसतं सरकवून सील बसत नाही. कॅप हाताने उचलायची सोय आहे का, हे मशीनच्या पुस्तकात आधीच बघून ठेवा. अंधारात शोधायची ती वेळ नसते. कॅपच्या स्पंजवर कंपनीच्या क्लीनिंग सोल्यूशनचे थेंब टाका.

लाइट आल्यावर नोझल चेक काढा. तुटक आला तर एक साधं क्लीनिंग, फार तर दोन. तरीही नोझल बंद असतील तर अर्धा-एक तास हेड कॅपवर ओलं राहू द्या आणि मग परत चेक काढा. लागोपाठ पाच-सहा स्ट्राँग क्लीनिंग मारून शाई वाया जाते आणि पंप झिजतो. सुकलेली शाई विरघळायला वेळच द्यावा लागतो.

कमी व्होल्टेजचा छुपा परिणाम

हे फार कमी लोक बघतात. लाइट परत आल्यावर काही वेळ व्होल्टेज पडलेलं असतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर हीटर 61 टक्केच उष्णता देतो. काही मशीन तापमान भरेपर्यंत छपाईच सुरू करत नाहीत. बाकीच्यांत शाई ओली राहते, माल चिकटतो, आणि ऑपरेटर पुन्हा पासच वाढवतो. मल्टिमीटर लावा, आकडा बघा, मग ठरवा.

लाइट आली की लगेच मशीन चालू करणं तर घातकच. तीन फेजच्या लाइनीवर न्यूट्रल तुटलेला असेल तर सिंगल फेजच्या मशीनवर 300 च्या वर व्होल्ट जाऊ शकतात. म्हणून लाइट जाताच मशीनचा एमसीबी पाडा, आल्यावर दहा मिनिटं थांबा, व्होल्टेज स्थिर दिसलं की स्टॅबिलायझर, मग मशीन, मग कॉम्प्युटर. न्यूट्रल आणि आर्थिंगमधलं व्होल्टेजही मोजा. मी 2 च्या आत धरतो, 5 दिसले तर काम थांबवतो. मशीन आणि कॉम्प्युटरची आर्थिंग एकच हवी, नाहीतर डेटाच्या वायरीतून येणारा करंट बोर्ड उडवू शकतो.

आणि हेडची चपटी केबल मशीन चालू असताना कधीही काढू नका. “जरा काढून लावून बघू” म्हणत हेड आणि बोर्ड एकदम गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. मेन बंद करा, पाच मिनिटं थांबा, मगच हात घाला.

आज करून ठेवायचं काम

मशीन नीट चालतंय त्या दिवशीच रिपमधले पास, दिशा, वेग आणि हीटरचं तापमान दिसतील असे स्क्रीनचे फोटो काढा. मशीनचा आयपीही (नेटवर्कवरचा पत्ता) लिहून घ्या, कारण राउटर रीस्टार्ट झाला की तो बदलू शकतो; शक्यतो तो कायमचा ठरवूनच टाका. 4 बाय 3 फुटांच्या एका फाइलला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. 2027 मध्ये सिंहस्थ आहे, रात्रपाळ्या लागतील, मशीनवर नवी पोरं उभी असतील. ही माहिती एका कागदावर लिहून कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा, खाली तारीख टाका. मशीन रेंगाळलं की तीच फाइल सोडायची आणि आकडे कागदाशी ताडून बघायचे.