गोल्डफिशच्या टाकीची देखभाल

मराठवाड्यात अनेक ठिकाणी नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे गोल्डफिश आणण्याआधी पाण्याची तजवीज करावी. हा मासा घाण फार करतो आणि त्यातून साचणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नसला तरी कल्ल्यांना इजा करतो. म्हणून दर आठवड्याला साधारण २५ टक्के पाणी बदलावे, मात्र क्लोरीनयुक्त पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवूनच वापरावे. काचेचा गोल बाऊल शोभेला बरा, माशाला नव्हे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्येच वाढतात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. अशा वेळी वीज गेल्यास मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून ओतत राहावे.