आसव-अरिष्टं घेताय? बाटलीतल्या अल्कोहोलबाबत या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एक ताई नवऱ्याला धरून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झालेला, कपाळावर घाम, छातीत धडधड, वाटेत दोनदा उलटी. या काकांनी दारू सोडून दोन महिने झाले होते आणि डायसल्फिरामची गोळी रोज चालू होती; ती चालू असताना थोडं जरी अल्कोहोल पोटात गेलं तरी असाच त्रास होतो. ताईंच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता, पुन्हा प्यायले का? काका मुलांची शपथ घेऊन सांगत होते की थेंबही घेतला नाही. ते खरं बोलत होते. पोट साफ होत नाही म्हणून ताईंनीच सकाळी त्यांना दोन झाकणं अभयारिष्ट दिलं होतं.

रक्तदाब उतरत होता, म्हणून लगेच रुग्णालयात हलवलं. संध्याकाळपर्यंत काका सावरले. पण वैद्य म्हणून मला हे फार लागलं. बाटलीवर ‘स्वयंजनित अल्कोहोल’ असं छापलेलं होतं, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत. ते आपल्या रुग्णांना मोठ्याने वाचून दाखवणं हे माझंच काम आहे.

‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे त्यात दारू नाही’

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. आसव आणि अरिष्ट ही आंबवूनच होणारी औषधं आहेत. वनस्पती न उकळता, पाण्यात किंवा रसात घालून आंबवली की आसव. आधी काढा करून तो आंबवला की अरिष्ट. द्राक्षासव, कुमारीआसव, लोहासव. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, सारस्वतारिष्ट ही नावं घराघरात माहीत आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 84 आसवांची गणती आहे. या औषधांत मद्य असतं हे आपल्या ग्रंथांनी कधीच लपवलेलं नाही; आंबवण्याच्या क्रियेला ‘संधान’ असं चांगलं नावही दिलं आहे.

अल्कोहोल त्यात दोन कामं करतं. पाण्यात नीट न उतरणारे वनस्पतींतले काही घटक ते ओढून घेतं आणि औषध टिकवतं. काढा दुसऱ्या दिवशी आंबतो, अरिष्ट वर्षानुवर्षं राहतं.

प्रमाण साधारण 5 ते 12 टक्के. आता हिशेब करू. 10 टक्क्यांचं अरिष्ट 20 मिली घेतलं तर पोटात 2 मिली शुद्ध अल्कोहोल जातं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये ते जवळजवळ 13 मिली असतं. म्हणजे मात्रेत घेतलेलं अरिष्ट पेगाच्या सहाव्या हिश्शाएवढं. निरोगी मोठ्या माणसाने घाबरून जावं असं त्यात काही नाही. पण 450 मिलीची अख्खी बाटली रिचवली तर साडेतीन पेग झाले, आणि तसं करणारी माणसं मी पाहिली आहेत.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणकोणी घेऊच नये?

डायसल्फिराम घेणाऱ्यांनी अजिबात नाही. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे नाही, कारण तिचा परिणाम तेवढा रेंगाळतो. ज्यांची दारू सुटली आहे त्यांच्यासाठी तर नुसता वाससुद्धा परतीची वाट ठरू शकतो. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू असताना, झोपेच्या गोळ्या घेत असताना, यकृताचा आजार असताना, गरोदरपणात, आधी डॉक्टरांना विचारा.

बाळंतिणीला दशमूलारिष्ट द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. माझ्या आजीने मलाही दिलं होतं. तरी बाळ अंगावर पीत असेल तर मात्रा आणि वेळ वैद्यांकडून ठरवून घ्या, शेजारच्या काकूंकडून नको. लहान मुलांच्या अरविंदासवाचंही तेच.

मधुमेहींची चूक वेगळी. ‘आंबलं म्हणजे गोड संपलं’ असं त्यांना वाटतं. सगळा गूळ आंबत नाही, बराच शिल्लक राहतो. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांबरोबर, विशेषतः उपाशीपोटी, अल्कोहोलने साखर एकदम खाली जाऊ शकते.

घेण्याच्या पद्धतीतल्या चुका

‘दोन झाकणं’ हे माप नव्हे. एका बाटलीचं झाकण 5 मिलीचं, दुसरीचं 15 चं. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा खुणांचा छोटा कप धुऊन ठेवा, तोच वापरा. वैद्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवणानंतर, तेवढंच पाणी घालून घ्या. कोरडं घेतलं की घशाला आणि आम्लपित्त असणाऱ्याच्या पोटाला झोंबतं.

काहीजण अल्कोहोल उडावं म्हणून अरिष्ट उकळतात. थोडं उकळून सगळं अल्कोहोल जात नाही, मात्र वेलची, दालचिनी, लवंग यांचे सुगंधी अंश उडतात. अल्कोहोल नको असेल तर औषधाचं रूप बदला: चूर्ण, वटी, ताजा काढा. दशमूळाचा भरड आणून घरी काढा करता येतो. बाटलीतल्या तयार ‘प्रवाही क्वाथा’चं लेबल मात्र वाचा, त्यातही कधीकधी थोडं आंबवलेलं असतं.

गाडी चालवणारे विचारतात, पोलीस पकडतील का? कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, एका मात्रेने रक्तातलं प्रमाण तिच्या जवळपासही जात नाही. पण तोंडात रेंगाळलेल्या औषधाने फुंकर मारण्याचं यंत्र बोलू शकतं. चूळ भरा, अर्धा तास थांबा.

बिघडलं कसं ओळखायचं

तळाशी बारीक गाळ बसणं हा दोष नाही. लोक त्यासाठीच चांगली बाटली ओतून देतात, हळहळ वाटते. व्हिनेगरसारखा नाकात जाणारा आंबट वास, वर पांढरी साय, उघडताना फसफसणं: यातलं काहीही दिसलं तर घेऊ नका. फसफसणं म्हणजे संधान पुरं व्हायच्या आधीच बाटली भरली गेली. आंबट होणं म्हणजे हवेच्या संपर्काने अल्कोहोलचं आम्ल झालं. अशा द्रवाला शार्ङ्गधरसंहितेचा कर्ता शार्ङ्गधर ‘चुक्र’ म्हणतो. जुनं आसव अधिक गुणाचं, हे त्याचंच वचन, पण ते बंद भांड्यातल्या आसवाबद्दल. झाकण सैल राहून सहा महिने खिडकीत तापलेली बाटली त्यात बसत नाही.

जे स्वतः संधान घालतात त्यांच्यासाठी

नवशिक्या वैद्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘आंबतच नाही’ ही पहिली. बहुतेक वेळा काढा गरम असतानाच धायटीची फुलं घातलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीच्या उतारांवर लाल दिसणारी हीच ती धायटी. तिच्याबरोबर आंबवणारं यीस्ट येतं आणि ते उष्णतेने मरतं. काढा पूर्ण निवू द्या. दुसरं कारण गूळ. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस घातलेला गूळ यीस्टला मानवत नाही, काळपटच घ्या. प्रमाण सांगितलेलं नसेल तेव्हा शार्ङ्गधराचं माप आहे: एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, म्हणजे साधारण 12 लिटरला 4.8 किलो, त्याच्या निम्मा मध. गूळ वाचवायला गेलात तर अल्कोहोल कमी होतं आणि सगळं आंबट होतं.

तांब्या-पितळेचं भांडं नको, चिनी मातीची बरणी घ्या. पाऊण भरा. तोंड सुरुवातीला पक्कं बंद करू नका. आमच्याकडे एका शिकाऊ मुलाने घट्ट बूच मारलं आणि मध्यरात्री बरणी फुटली. पहिले दिवस बरणीला कान लावला की आत पावसाच्या थेंबांसारखी बारीक चुरचुर ऐकू येते. तोंडाशी पेटती काडी नेली की विझते, आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. ज्या दिवशी आवाज थांबतो, फुलं तळाला बसतात आणि काडी जळत राहते, त्या दिवशी गाळायचं. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत महिना उलटतो.

आंबलं नाही म्हणून वरून स्पिरिट ओतणं हा गुन्हा आहे आणि जिवावरचा खेळ आहे. बाजारातल्या औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं त्यानेच गेली. फसलेलं संधान गटारात ओता.

होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरचं, म्हणजे वनस्पतीच्या अल्कोहोलमधल्या मूळ अर्काचं, थोडक्यात: त्यात अल्कोहोल कितीतरी जास्त असतं, म्हणून ते थेंबांनी मोजून पाण्यात घेतात. कॅलेंडुलाचं टिंक्चर उघड्या जखमेवर तसंच ओतू नका, जखम भाजल्यासारखी होते. पाण्यात मिसळून लावतात.

आणि दवाखान्यात याल तेव्हा कृपा करून चालू असलेल्या सगळ्या बाटल्या आणि गोळ्या पिशवीत घालून आणा. अभयारिष्ट घेतल्याचं त्या काकांनी मला सांगितलंच नव्हतं. ते औषध आहे, असं त्यांना वाटलं होतं, आणि मी तर दारूबद्दल विचारत होते.