खडकांतल्या कुंडात पोहायचंय? मग या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला फोन सुरू होतात. "काका, हरिहरेश्वरला खडकात पोहता येतं का हो?" विचारणारी बहुतेक मुलं त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावरची. हातपाय चांगले चालतात, दम चांगला असतो. तरी दरवर्षी त्यातलं कुणीतरी कोकणातून खरचटून, घाबरून परत येतं, आणि प्रत्येकाच्या चुका त्याच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आपण नाशिकची, गंगेवर म्हणजे गोदावरीवर वाढलेली माणसं. पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतो: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. गंगापूर धरणातून पाणी सोडणार असतील तर आधी बातमी येते, पाणी मागाहून येतं. समुद्राचीही बातमी असते. ती घरातल्या दिनदर्शिकेवर तिथीच्या रकान्यात छापलेली असते आणि निघताना ती कुणी बघत नाही. सुट्टी बघतात, हॉटेलचा दर बघतात, गाडीत किती माणसं मावतात ते बघतात.

काही वर्षांपूर्वी मीही बघितली नव्हती. आमच्या सकाळच्या बॅचमधले आठजण कोजागरीच्या आदल्या रात्री जेवून नाशिकहून निघालो आणि सकाळी साडेसातला गुहागरकडच्या एका गावात पोहोचलो. खडकांच्या टोकाला सुंदर कुंड, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. तिथे जायला मध्ये एक घळ ओलांडावी लागायची, जेमतेम पंधरा फूट रुंद. पाणी घोट्याएवढं. समोरून कालवं काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन परतत होत्या. त्यातली एक म्हणाली, "भरती लागलीय, लांब जाऊ नका." आम्ही "हो मावशी" म्हटलं आणि पुढे गेलो.

दीड तासाने परत आलो तर घळीत छातीभर पाणी, तेही स्थिर नाही. लाट आली की पाणी पुरुषभर चढायचं आणि मागे जाताना सगळं ओढून न्यायचं. आमच्यातला सर्वांत वेगवान पोरगा, वय एकवीस, म्हणाला पंधरा फूट काय, चार हात मारले की झालं. मी नको म्हणेपर्यंत त्याने उडी घेतली होती. पुढच्या लाटेने त्याला उचलून भिंतीवर आपटलं. त्याने खडक धरला, कुणीही धरेल. खडकावर कालवं होती आणि कालवाच्या शिंपल्याची कड पात्यासारखी असते. दोन्ही तळवे आणि पोट फाटलं. टॉवेलांना गाठी मारून त्याला वर घेतलं. नंतर १४ टाके पडले. बाकी आम्ही उंच खडकावर जाऊन बसलो, दुपार उलटेपर्यंत, आठ माणसांत एक लिटर पाणी, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. एवढा वेळ नुसतं बसून राहणं हाच त्या दिवशीचा एकमेव शहाणपणाचा निर्णय होता. पाणी चढलं की उंचावर जाऊन बसायचं, पोहून सुटायचं नाही. भरती कितीही मोठी असो, सहा तासांनी उतरतेच.

आता हिशेब सांगतो. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे कोजागरीला ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास होऊन गेली होती आणि आम्ही साडेसातला, पाणी जोरात चढत असताना, आत शिरलो. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिला तास काही कळतच नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वांत जास्त चढतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तर हा फरक फार मोठा असतो. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो. त्यामुळे त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचंच. पण घरबसल्या दिवस ठरवायला तो पुरतो.

माझी सवय अशी: सप्तमी ते दशमीच्या मधला दिवस धरतो, तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. ओहोटी साधारण साडेअकरा ते दीडच्या दरम्यान येते. तिच्या दोन तास आधी कुंडात उतरतो आणि पाणी तळाला पोहोचलं की बाहेर येतो. "अजून पाणी चढायला लागलं नाही की" हे वाक्य ऐकून घेत नाही. भांगात पाणी फार मागे जात नाही, त्यामुळे टोकाची कुंडं उघडी पडत नाहीत. तीच बघायची म्हणून लोक हट्ट करतात. मी सोडून देतो. आणि कालवं काढणाऱ्या बायका परतायला लागल्या की मीही परततो. मग मोबाईलवर काहीही वेळ दाखवत असो.

दुसरी चूक मला याहून जास्त चिडवते: गाडीतून उतरायचं आणि थेट पाण्यात. रात्रभर प्रवास झालाय, चार तास मिळालेत, मग थांबायचं कशाला! अरे, लाटा सारख्या नसतात. दहा मिनिटं लहान येतात, मग तीन-चार मोठ्या एकामागोमाग. वारा नसला तरी लांबच्या वादळाच्या लाटा येतात. इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचे उंच लाटांचे इशारे त्यासाठीच असतात. मी गेल्या गेल्या एक ठळक खडक निवडतो, तो आमचा दुतोंड्या मारुती. अर्धा तास बसून त्याच्या कुठवर पाणी लागतं ते बघतो. कुंडाच्या काठचा खडक काळा, ओला, चकचकीत असेल तर लाट तिथवर येऊन गेलेली आहे, आत्ता दिसत नसली तरी. या अर्ध्या तासात कुणी कुरकुर केली तर त्याला त्या दिवशी पाण्यात उतरू देत नाही. पोहायला शिकवता येतं, पण ज्याला बसवत नाही त्याला मी समुद्रावर नेत नाही.

लाटेने कुंडाबाहेर ओढलंच तर खडकाकडे धडपडू नका. खडकांपासून दूर, जिथे लाट फुटत नाही तिथे जा, उताणे तरंगा, हात वर करा. काठावरच्याने मागोमाग उडी मारायची नाही. पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन आणि दोरी मी कायम नेतो. तो फेकायचा, आणि एकाने ११२ लावायचा.

बाकीच्या चुका थोडक्यात. सूर मारू नका; मागच्या वर्षी खोल असलेलं कुंड यंदा वाळूने भरलेलं असू शकतं. अनवाणी किंवा चपलेवर जाऊ नका, घट्ट बसणारे जुने कॅनव्हासचे बूट घाला. हेदवीच्या बामणघळीसारख्या चिरेत कधीही उतरू नका, भरतीला तिथे पाणी उंच उसळतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करा. जून ते नारळी पौर्णिमा हा विषयच काढू नका. कोळी होड्या ओढून ठेवतात तेव्हा आपण कोण? दारू प्यायलेला माणूस माझ्या गाडीतून खाली उतरत नाही. अंगाला तेल फासून कुंडात जाऊ नका, त्या एवढ्याशा पाण्यात खेकडे, मासे, समुद्रफुलं राहतात. काटेरी गोळे उचलू नका.

कालव लागलं तर हळद भरू नका. पिण्याच्या भरपूर पाण्याने जखम धुवा, शिंपल्याचे कण निघालेत का बघा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. त्या पोराच्या तळव्यातून टाके काढल्यावर तीन आठवड्यांनी शिंपल्याचा एक तुकडा निघाला होता.