नोकरी-संसार सांभाळून शार्क्सची हॉकी कशी पाहावी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, सनीवेल, सांता क्लारा, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी माणसं भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना एसएपी सेंटर, म्हणजे इथल्या शार्क्स या आइस हॉकी संघाचं स्टेडियम, घरापासून जवळ पडतं, आणि तरी "आइस हॉकी आपल्याला कळत नाही" म्हणून ती वर्षानुवर्षं तिकडे फिरकलेली नसतात. मला याचं वाईट वाटतं. कारण हा खेळ कळायला फार थोडं लागतं आणि त्याची गोडी लागायला त्याहूनही थोडं.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचला गर्दी करणाऱ्या गावात वाढले. तिथे कुठली टीम आपली याचा विचार कुणी करत नाही. ज्या पेठेत घर, त्या पेठेतल्या तालमीची टीम आपली. सॅन होजेत घर केलं तेव्हा इथली टीम शार्क्स, म्हणून आपली टीम शार्क्स. ती जिंकते का, गुणतक्त्यात कुठे आहे, हे सगळं नंतर. तुम्हीही सुरुवात अशीच करा. एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांतला चांगला कोणता हे शोधत बसाल तर एकाचेही होणार नाही.

हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि नियमित सामने एप्रिलपर्यंत चालतात. एका संघाच्या ऐंशीच्या वर मॅचेस होतात. सगळ्या पाहायच्या नाहीत. पाहूच नका. आठवड्यात एक ऐका आणि महिन्या-दोन महिन्यांत एक प्रत्यक्ष जाऊन पाहा, नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं.

"ऐका" हे मी मुद्दाम म्हणतेय. शार्क्सच्या अ‍ॅपवर सामन्याचं समालोचन फुकट ऐकायला मिळतं. डॅन रुसानॉव्स्की १९९१ पासून, म्हणजे संघाच्या अगदी पहिल्या हंगामापासून हे काम करत आलेत. टीव्हीवर पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, दिसत नाही म्हणून नवा माणूस वैतागतो. रेडिओवर तो प्रश्नच येत नाही. पक कुणाकडे आहे, कुणी कुणाला दिला, कोण बदलून आत आलं, हे सगळं कानावर पडत राहतं आणि तीन-चार मॅचमध्ये नावं आपोआप पाठ होतात. घरच्या मॅचेस बहुतेक संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे आमच्याकडे पोळ्या लाटायची वेळ. संघ न्यूयॉर्क-बॉस्टनच्या बाजूला गेला की मॅच आपल्याकडे दुपारी चार-साडेचारलाच सुरू होते. मग ऑफिसातून घरी येतानाचा ट्रॅफिक सुसह्य होतो.

नियम एका परिच्छेदात सांगते. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. बर्फावर दोन निळ्या रेषा असतात. हल्ला करताना समोरच्या निळ्या रेषेपलीकडे पक आधी गेला पाहिजे, माणूस आधी गेला तर ऑफसाइड. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे भिरकावला तर आइसिंग. मग खेळ परत तुमच्याच गोलपाशी सुरू होतो, आणि तुम्हाला खेळाडू बदलता येत नाहीत. नियमित सामन्यात बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ, तीन विरुद्ध तीन. त्यातही निकाल लागला नाही तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने समोरच्या गोलरक्षकावर चाल करायची. जिंकलं की २ गुण, जादा वेळात किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी १. बाकीचं पाहता पाहता कळतं.

आता खरी गोष्ट. पकच्या मागे डोळे पळवू नका. पक एका जागी थांबत नाही, तुम्ही दमून जाल. त्याऐवजी एक खेळाडू धरा आणि तो बाकावरून उडी मारून आत आल्यापासून परत बाकावर बसेपर्यंत फक्त त्यालाच पाहा. याला शिफ्ट म्हणतात. शिफ्ट साधारण पाऊण मिनिटाची असते, कबड्डीतल्या चढाईसारखी: तेवढ्या वेळात जे काय आहे ते सगळं ओतायचं आणि जीव घेऊन परत यायचं. एक शिफ्ट अशी पाहिली की तो पक नसताना काय करतो ते दिसतं. कुणाला अडवतो, कुठल्या मोकळ्या जागेत जाऊन थांबतो, आपला बचावपटू पुढे गेला तर त्याची जागा भरायला कसा मागे धावतो. हॉकीचा बहुतेक खेळ पकपासून लांबच चाललेला असतो.

खेळाडू बदलताना खेळ थांबत नाही. बाकाच्या कठड्यावर एक पाय टाकून नवा माणूस तयार असतो, दमलेला जवळ आला की तो आत झेपावतो. हा बदल चुकला की गोल बसतो. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये प्रत्येक संघाचा बाक त्याच्या स्वतःच्या गोलच्या बाजूला असतो. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात आणि बाक लांब पडतो. बचावात अडकलेल्या पाच जणांना बदलायला जाता येत नाही, मग दीड-दीड मिनिट तेच बर्फावर, पाय जड झालेले, पक बाहेर काढायची ताकद उरलेली नाही. अशा वेळी कुणीतरी नाइलाजाने पक भिरकावतो, आइसिंग होतं, आणि नियमाप्रमाणे त्याच दमलेल्या पाच जणांना पुन्हा उभं राहावं लागतं. दुसऱ्या पिरियडमध्ये हे बघायला विसरू नका. एकदा दिसलं की टीव्हीवरही दिसायला लागतं.

पेनल्टीचं समजायला २३ एप्रिल २०१९ ची मॅच पुरेशी आहे. प्लेऑफची, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद सामन्यांची, पहिली फेरी, वेगसविरुद्ध सातवा आणि निर्णायक सामना, इथेच सॅन होजेत. तिसऱ्या पिरियडमध्ये शार्क्स ०-३ ने मागे. दहा मिनिटं आणि काही सेकंद उरलेले असताना फेस-ऑफनंतर, म्हणजे पंचाने दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू केल्यावर, वेगसच्या कोडी ईकिनने शार्क्सचा कर्णधार जो पॅव्हेल्स्की याला स्टिकने ढकललं, तो पडला, डोकं बर्फावर आपटलं, रक्त आलं. सहकाऱ्यांच्या आधाराने त्याला बाहेर न्यावं लागलं. पंचांनी ईकिनला पाच मिनिटांची मोठी पेनल्टी दिली. साध्या पेनल्टीत खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो आणि समोरच्यांनी एक गोल केला की सुटतो. मोठ्या पेनल्टीत सुटका नाही. कितीही गोल होवोत, पाच मिनिटं भरावीच लागतात. शार्क्सने त्या वेळात चार गोल केले. कुचूर, हर्टल, पुन्हा कुचूर, लाबँक. चार मिनिटं आणि एका सेकंदात ०-३ चं ४-३ झालं. वेगसने शेवटच्या मिनिटात बरोबरी साधली, आणि जादा वेळात बार्कले गुड्रोने गोल करून मॅच जिंकून दिली. एवढी मोठी पेनल्टी द्यायला नको होती असं नंतर लीगनेही मान्य करून वेगसची माफी मागितली. ते बरोबरच होतं. पण समोरचा एक माणूस कमी असताना पाच जणांनी कसं खेळावं याचा इतका जिवंत धडा दुसरा नाही. त्या मॅचची क्षणचित्रं सहज मिळतात. पहिल्यांदा एसएपी सेंटरला जाण्याआधी मुलांबरोबर बसून पाहा.

आता प्रत्यक्ष जायचं म्हटलं तर मंगळवार-बुधवारची मॅच निवडा. शनिवारपेक्षा तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि सप्टेंबरातल्या सरावाच्या मॅचेस त्याहून स्वस्त. समोरचा संघ फार गाजलेला नसेल तर आणखी बरं. वरच्या मजल्यावरच्या, म्हणजे दोनशेच्या क्रमांकाच्या जागांना कमी समजू नका. मी स्वतः तिथेच बसते. काचेजवळ आवाज आणि वेग जबरदस्त, पण खेळाची मांडणी वरूनच कळते: कोण कुठे सरकतंय, कुठली बाजू मोकळी पडलीय, हे पटावर पाहिल्यासारखं दिसतं. गोलच्या मागची जागा घ्यायची असेल तर शार्क्स पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये ज्या गोलवर हल्ला करतात ती बाजू घ्या.

गाडी शक्यतो नेऊ नका. कॅल्ट्रेनचं डिरिडॉन स्टेशन एसएपी सेंटरच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे. संध्याकाळच्या गाडीत मोरपंखी रंगाच्या जर्सी चढायला लागतात आणि मॅच तिथूनच सुरू होते. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण जादा वेळ सुरू झाला की कुणाचा पाय निघत नाही. आतलं खाणं महाग आहे. आधी चालत सॅन पेड्रो स्क्वेअरला जाऊन खाऊन घ्या, किंवा घरून जेवून निघा. आणि बाहेर कितीही ऊन असो, जॅकेट न्या. आत बर्फ आहे, लहान मुलं दुसऱ्या पिरियडपर्यंत कुडकुडतात.

निदान अर्धा तास आधी पोचा. खेळाडू सरावाला येतात तेव्हा खाली काचेजवळ जाऊन उभं राहता येतं का ते बघा. तिथे टीव्हीवर कधीच न कळणारी गोष्ट कळते: पक किती जड आणि टणक आहे. रबराची तीन इंच रुंद, इंचभर जाड चकती, उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवलेली. ती काचेवर आदळली की छातीत धस्स होतं. गोलरक्षक एकामागून एक असे फटके अंगावर घेत असतो. त्याच्याबद्दलचा आदर तिथे उभं राहिल्याशिवाय पुरता येत नाही. मग दिवे मालवतात, छतावरून शार्क माशाचं भलंमोठं डोकं खाली येतं आणि त्याच्या जबड्यातून धुरातून खेळाडू बर्फावर उतरतात. मुलांसाठी तिकिटाचे पैसे इथेच वसूल.

एक शिस्त मात्र पाळा. खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही आणि जिने उतरायचे नाहीत. शिट्टी वाजली, खेळ थांबला, की मगच. जिन्याशी उभे असलेले कर्मचारी थांबवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अर्ध्या सेकंदात गोल होणाऱ्या खेळात मागच्याच्या डोळ्यांपुढे उभं राहणं खरंच वाईट. शार्क्सना पॉवर प्ले मिळाला, म्हणजे समोरचा एक बाहेर बसला, की सगळं स्टेडियम दोन्ही हात पुढे करून शार्कच्या जबड्यासारखे मिटत-उघडत राहतं. तुम्हीही करा. एखाद्याने तीन गोल केले की लोक टोप्या बर्फावर फेकतात. आवडती टोपी असेल तर सांभाळा.

सध्याच्या संघाबद्दल थोडं. २०१६ साली हा संघ स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचला होता आणि पिट्सबर्गकडून हरला. कप अजून एकदाही आलेला नाही. २०१९ नंतर उतार लागला आणि २०२३-२४, २०२४-२५ असे सलग दोन हंगाम लीगमध्ये शेवटचा नंबर. पण तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यातूनच २०२४ ला पहिल्या क्रमांकावर मॅकलिन सेलेब्रिनी आला, त्याच्या आधीच्या वर्षी विल स्मिथ आला होता, २०२५ ला मायकल मिसा आला. सेलेब्रिनीचं कुटुंब त्याच्या वडिलांच्या नोकरीमुळे बे एरियात आलं आणि तो इथल्या ज्युनिअर शार्क्सकडून खेळला. म्हणजे आपल्या मुलांच्या शाळेशेजारच्या रिंकवर स्केटिंग करणारं पोर आज संघाचा कणा आहे. नव्या माणसाने शिफ्ट पाहायला कुणाला धरावं असं विचारलंत तर मी त्याचंच नाव सांगेन. १८ वर्षांचा असताना पहिल्याच मॅचमध्ये त्याने गोल केला, पण त्याची खरी किंमत तो पक परत मिळवायला मागे धावतो तेव्हा कळते.

छताकडे मान वर केली की दोन निवृत्त केलेले क्रमांक दिसतील, पॅट्रिक मार्लोचा १२ आणि जो थॉर्नटनचा १९. मार्लोने एनएचएलमध्ये १,७७९ सामने खेळले, आजवरचे सर्वाधिक. शेजारी बसलेल्या एखाद्या जुन्या चाहत्याला या दोघांबद्दल विचारा आणि ऐकत राहा. ते लोक मनापासून बोलतात.

घरात दोन-तीन लहान मुलं असतील आणि एसएपी सेंटरचा खर्च झेपत नसेल तर बाराकुडाच्या मॅचला जा. हा शार्क्सचा खालच्या लीगमधला संघ, उद्या वर जाणारी मुलं इथे घडतात. त्यांचं टेक सीयू अरेना २०२२ ला उघडलं, छोटं आहे, कुठेही बसलात तरी बर्फ जवळ. त्याच आवारात शार्क्स आइसचे रिंक आहेत, तिथे स्केट्स भाड्याने घेऊन कुणालाही बर्फावर उतरता येतं. सकाळी मुलांना तिथे स्केटिंगला न्या आणि संध्याकाळी बाराकुडाची मॅच दाखवा. स्वतः कठडा धरून दोन फेऱ्या मारलेलं पोर संध्याकाळी पहिल्या शिफ्टलाच विचारतं, की हे उलटे कसे काय पळतात. त्याला तो बचावपटू दाखवा, आणि तो बाकावर परत जाईपर्यंत त्याच्यावरची नजर हलवू नका म्हणून सांगा.