वाय-फाय हँडसेट २.४ वरून ५ वर न्यायचे, तेही कॉल न तुटता

दवाखाना, हॉटेल, गोदाम अशा ठिकाणी खिशात घालून फिरायचे वाय-फाय हँडसेट असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. साध्या मोबाईलवर वाय-फाय कॉलिंग वापरत असाल तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी सोपं उरकू. वाय-फायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. दोन्ही बँडला नाव एकच, पासवर्ड एकच, सुरक्षेचा प्रकारही एकच. नावापुढे '५जी' चिकटवून दोन वेगळी नेटवर्कं करा, असा सल्ला हमखास मिळतो. टीव्हीसाठी ठीक आहे. फोनच्या लेखी मात्र ती दोन परकी घरं होतात आणि एकातून दुसऱ्यात जाताना चालू कॉल जातोच. आयपी पत्ता वाटणारं यंत्र सगळ्या इमारतीत एकच ठेवा. दुसरा राऊटर लावलाच असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट (नुसतं वाय-फाय पसरवणारं यंत्र) मोडमध्ये टाका.

चॅनल: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११. ५ वर ३६, ४०, ४४, ४८. रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ; आवाजाला त्याहून जास्त लागत नाही. ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले चॅनल शक्यतो टाळा. तिथे हँडसेटला स्वतःहून हाक मारता येत नाही, ॲक्सेस पॉइंटची हाक ऐकू येईपर्यंत थांबावं लागतं. ती सेकंदाला साधारण दहा वेळा येते, पण दर चॅनलवर असं थांबत बसलं की बोलणाऱ्याला ते जाणवतं.

हँडसेटच्या मेनूत बँड 'ऑटो' ठेवा. ५ ला प्राधान्य द्यायची सोय असेल तर द्या.

आता जिथे मी स्वतः आपटलो तो भाग. मिरजेत तीस खाटांचा एक दुमजली दवाखाना होता, जुन्या दगडी भिंतींचा. सिस्टर वॉर्डातून बोलत निघायच्या आणि जिन्यापर्यंत येईतो आवाज तुटायचा. डोक्यावर ॲक्सेस पॉइंट, त्याचं ५ गिगाहर्ट्झ रिकामं, आणि हँडसेट खालच्या मजल्यावरच्या २.४ ला चिकटून बसलेला. मी काय करावं? सगळीकडे पॉवर फुल्ल केली. दुखणं वाढलं. त्या पायी तीन रात्री गेल्या.

कुठल्या बँडवर बसायचं आणि कधी उठायचं, हे हँडसेट ठरवतो. ॲक्सेस पॉइंट फार तर सुचवतो. आणि सारखीच पॉवर दिली तर २.४ चा सिग्नल ५ पेक्षा ६-७ डीबीने (डीबी म्हणजे सिग्नलच्या जोरातला फरक मोजायचं माप) जोरदार दिसतो, भिंती मध्ये आल्या की अजून जास्त. मग हँडसेटने उठावं कशाला? शिवाय ॲक्सेस पॉइंट ओरडतो मोठ्याने आणि हँडसेटचा आवाज मात्र बारीक. स्क्रीनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात, पलीकडच्याचं ऐकू येतं, आपलं त्याला पोचत नाही.

म्हणून पॉवर 'ऑटो'वर सोडू नका. ५ ची पॉवर हँडसेटच्या स्वतःच्या पॉवरच्या आसपास आणा. मी १५ डीबीएमपासून (डीबीएम हे पॉवरचं माप) सुरुवात करतो. २.४ त्याहून ६ डीबीने खाली, म्हणजे ९. पॉवर कमी करायला मालक कुरकुरतात, "पैसे दिलेत ना पूर्ण रेंजचे?" कुरकुरू द्या. कमी पॉवरने कोपरा कोरडा पडत असेल तर तिथे आणखी एक ॲक्सेस पॉइंट लागतो. पॉवर वाढवणं हा त्यावरचा इलाज नाही.

त्याच बैठकीत २.४ वरचे १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने वेग बंद करून किमान वेग १२ करा. लांबून रेंगाळत जोडलेलं राहण्याची हँडसेटची सोय त्याने जाते. फार जुने हँडसेट मग जोडलेच जाणार नाहीत, तेवढं आधी तपासा.

हँडसेटला उंबरठा, म्हणजे सिग्नल किती पडला की उठायचं तो आकडा, ठरवता येत असेल तर उणे ६७ ते उणे ७० डीबीएम. उणे ८० वर ठेवलात तर तो उठेपर्यंत कॉल मेलेला असतो.

बँड स्टीअरिंग, म्हणजे हँडसेटला ५ कडे ढकलायची ॲक्सेस पॉइंटमधली सोय, बंद करा. कॉलसाठी याच्याइतकी घातक सोय मी पाहिलेली नाही. हँडसेटने २.४ वर मारलेली हाक ॲक्सेस पॉइंट मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखी करतो. तो ५ वर जाईल ही आशा. लॅपटॉपला चालतं. बोलताना दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट जात असतं, तिथे हा रुसवा परवडत नाही.

८०२.११के चालू ठेवा, शेजारी कोण आहे ते हँडसेटला आयतं कळतं. ८०२.११आर (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना ओळख पटवणं लवकर उरकणारी सोय) मात्र साधा पासवर्ड असलेल्या छोट्या जागी मी आधी बंदच ठेवतो. तिथे वाचणारा वेळ थोडा, आणि काही जुने हँडसेट ते दिसलं की जोडायलाच नकार देतात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन असेल तर उलट ते हवंच. आवाजाच्या पॅकेटांना आधी वाट देणारं डब्ल्यूएमएम चालूच असतं, बघून घ्या.

मग चाला. कॉल लावा, मोठ्याने एक, दोन, तीन मोजत सावकाश फिरा, पलीकडचा माणूस गिळलेला आकडा सांगेल. तिथे भिंतीवर खडूची खूण. जाताना आणि परत येताना खुणा वेगळ्या पडतात, म्हणून दोन्हीकडून चाला, आणि दारं बंद ठेवून. अँड्रॉइड असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधलं वाय-फायचं सविस्तर लॉगिंग चालू करा, नेटवर्कच्या यादीतच डीबीएमचे आकडे दिसतात. खूण पडलेल्या जागी २.४ अजून जोरात दिसत असेल तर ते आणखी ३ डीबी खाली आणा आणि पुन्हा चाला. लिफ्ट आणि एक्स-रेची खोली सोडून द्या. एक लोखंडी डबा आणि दुसरीच्या भिंतीत शिसं.