लहान मुलाला बोटीवर नेताना: पट्टा, पट्टा आणि मग बाकीचं

पाणी, टोपी, खाऊ, पुसायचे रुमाल हे कुणी सांगावं लागत नाही, घ्या. त्याआधी कपाटातून मुलाचं लाइफ जॅकेट काढा आणि त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा जोडलेला आहे का ते बघा. पुष्कळ जॅकेटांचा हा पट्टा सुटा होतो. जॅकेट धुताना तो निघतो, वाळत घातलेल्या दोरीवर किंवा बादलीच्या तळाशी राहतो, आणि जॅकेट एकटंच पिशवीत जातं. धक्क्यावर पोचल्यावर हे लक्षात आलं तर उपाय उरत नाही. दोरीचा तुकडा बांधून वेळ मारून नेऊ नका. तो मांडीला काचतो आणि ऐन वेळी सुटतो.

एका पट्ट्याचं एवढं कौतुक का, तर लहान मुलाचे खांदे अरुंद आणि कंबर जवळपास नसतेच. पाण्यात पडलं की जॅकेट वर उसळतं आणि मूल त्यातून खाली घसरतं. छातीवरची चेन आणि बकलं कितीही आवळलेली असोत, जॅकेट कानापर्यंत चढतं, आणि मुलाने हात वर केले तर डोक्यावरून निघूनही जातं. ते खाली धरून ठेवणारा तो एकच पट्टा. म्हणून घरीच परीक्षा घ्या. सगळी बकलं लावा, पट्टा लावा, जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढा. हनुवटी किंवा कान जॅकेटात बुडाले तर एक तर माप मोठं आहे किंवा पट्टा ढिला आहे. पुढच्या वर्षीही होईल म्हणून वाढतं माप घेणं गणवेशाला ठीक आहे, इथे अजिबात नाही.

माप वजनावर ठरतं, वयावर नाही. आतल्या लेबलवर किलो छापलेले असतात. मुलाला वजनकाट्यावर उभं करा, अंदाज नको. तिथेच न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलून धरतं ते. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तेही मदत जवळ असताना. ते माणसाला उताणं करेल याची खात्री नसते. पोहता न येणाऱ्या मुलाला किमान १०० न्यूटनचं, मानेमागे फुगीर कॉलर असलेलं आणि त्या कॉलरला पकडून उचलायची मूठ असलेलं हवं. गॅसने फुगणारी जॅकेटं लहान मुलांसाठी नाहीत. दंडावरचे फुगे आणि रबरी रिंगा ही खेळणी आहेत, ती जॅकेटाच्या जागी मोजू नका. आणि “बोटीवर जॅकेटं असतातच” हे वाक्य कुणी उच्चारलं तर दुर्लक्ष करा. असतात ती बहुतेक मोठ्यांच्या मापाची. मुलाचं घरून न्यायचं, पट्ट्यासकट.

जमलं तर आधी एकदा कमरेएवढ्या पाण्यात जॅकेट घालून मुलाला तरंगू द्या, हात तुमचा खाली असू द्या. अनोळखी जॅकेट घालून पहिल्यांदाच पाण्यात गेलेलं मूल घाबरून हातपाय झाडतं आणि पालथं होऊ पाहतं. ही सवय बोटीवर लावता येत नाही.

अगदी तान्हं असेल तर जाणं पुढे ढकला. त्याच्या मापाचं नीट बसणारं जॅकेट मिळणंच कठीण असतं. बाळाला पोटाशी बांधायची झोळी बोटीवर वापरू नका. तुम्ही पाण्यात पडलात तर तुमचं जॅकेट तुम्हाला वर धरेल आणि बाळाचं तोंड नेमकं पाण्यात राहील. गाडीतली खुर्ची त्याहून वाईट, ती मुलाला घेऊन बुडते. मुलाला दोरीने बोटीला बांधून ठेवण्याची कल्पनाही सोडून द्या, बोट उलटली तर ते तिच्याखाली अडकतं.

कपडे भडक रंगाचे: नारिंगी, पिवळे, झगझगीत गुलाबी. निळा आणि पांढरा पाण्यात दिसतच नाही, मग ते कितीही गोड दिसत असोत. किनाऱ्यावर उकडत असलं तरी वारा अडवणारं एक जाकीट आणि कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवाच. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं, आणि ओल्या कपड्यावर वारा लागला की ओठ निळे व्हायला वेळ लागत नाही. जाडजूड कपडा मात्र जॅकेटाच्या आत घालू नका, नाहीतर घरी तपासलेलं माप आणि पट्टा दोन्ही फुकट. साधा डायपर पाणी पिऊन लोंबतो आणि पट्ट्याखाली गोळा होतो, पोहायचा घाला. ऊन वरून येतं तसं पाण्यावरूनही उलटतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि कानामागेही. निघण्याआधी एकदा, मग दर दोन तासांनी. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीमपेक्षा सावली आणि कपडा. पायात घट्ट बसणारे, न घसरणारे बूट. चपला नकोत.

बोट लागण्याचं औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना वजन सांगून आधी विचारा. मूल बोटीच्या मध्यावर बसवा, दूर क्षितिजाकडे बघू द्या, मोबाइल हातात देऊ नका. इंजिनाच्या बोटीत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: धुरातला कार्बन मोनॉक्साइड मागच्या बाजूला साचतो, आणि बोट चालत असताना छताखाली उलटा ओढलाही जातो. त्या वायूला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, पेंग, सगळं हुबेहूब बोट लागल्यासारखं. मागे बसलेलं मूल पेंगायला लागलं तर “दमलं बिचारं” म्हणून थोपटू नका. इंजिन बंद करा, पुढे मोकळ्या हवेत आणा. तरी सुस्त राहिलं तर थेट दवाखाना.

निघताना: वाऱ्याचा अंदाज, ढगांचा गडगडाट ऐकू आला तर बेत रद्द, किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा. फोन तरंगणाऱ्या पिशवीत. चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या अंगाला. आणि पट्टा. धक्क्यावर पाय ठेवण्याआधी, बोटीत चढल्यावर नाही. चढता-उतरतानाही मुलं पडतात.

बोटीत एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे फक्त मुलाकडे बघण्याचं काम द्या, नाव घेऊन, वीसेक मिनिटांनी पाळी बदला. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही. पुढच्या टोकावर पाय सोडून बसू देऊ नका; तिथून पडलेलं मूल सरळ इंजिनाच्या पंख्याखाली जातं. बोटीच्या कडेवर बोटं नकोत. शू करायला काढलेला पट्टा परत लावला का? बघा.

मूल पडलंच तर एकाने त्याच्याकडे हात रोखून नजर हलवायचीच नाही, दुसऱ्याने तरंगणारं काहीही फेकायचं, जवळ पोचताच इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल पुरत नाही.

पहिली फेरी तासाभराची, झोपेची वेळ टाळून. परत आल्यावर जॅकेट गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, हीटरजवळ नको, फोम खराब होतो. पट्टा वाळला की तेव्हाच जोडा. उद्या नाही. आणि किनाऱ्यावरच्या त्या माणसाला पोचल्याचं कळवा, नाहीतर तो शोधायला माणसं पाठवेल.