निकॉन एफ१००: फोकसचे काम अंगठ्याकडे कसे द्यावे

निकॉनचा एफ१०० हा १९९९ साली बाजारात आलेला फिल्म कॅमेरा नव्या अवस्थेत असतो, तेव्हा शटरचे बटण अर्धे दाबताच प्रकाशमापनाबरोबर फोकसही सुरू होतो. फिल्मवर फोकसची चूक रोल धुतल्यावरच कळते, म्हणून ही दोन कामे पहिल्याच दिवशी वेगळी करावीत, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी सीएसएम (कॅमेऱ्याच्या सवयी बदलण्याचे) बटण दाबून धरावे, मागची चकती फिरवून ४ हा क्रमांक आणावा आणि पुढच्या चकतीने त्याचे मूल्य १ करावे. यानंतर फोकस केवळ मागच्या एएफ-ऑन बटणाने होतो. लेन्सशेजारचा खटका ‘सी’वर (सतत फोकस) ठेवावा, कारण ‘एस’मध्ये (एकदाच फोकस) फोकस जुळल्याशिवाय शटर सुटत नाही. ‘सी’मध्ये अंगठा दाबून ठेवला की धावणाऱ्या मुलाच्या मागे फोकस सरकत राहतो, आणि अंगठा उचलला की तो जिथल्या तिथे थांबतो.

दर्शकात, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, फोकसचे पाच बिंदू आहेत, पण ते सारख्या ताकदीचे नाहीत. मधला, डावा आणि उजवा हे तिन्ही उभ्या-आडव्या अशा दोन्ही रेषा ओळखतात, तर वरचा आणि खालचा बिंदू एकाच दिशेच्या रेषांवर अवलंबून असतात. कॅमेरा उभा धरला की एरवी बाजूला असलेला बिंदू वर येतो आणि व्यक्तिचित्रात नेमका डोळ्यापाशी बसतो, ही मला या रचनेतली फार मोलाची सोय वाटते. ८५ मिमीच्या लेन्सचे छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट) एफ/१.८ इतके मोठे उघडे असताना मधल्या बिंदूने डोळा टिपून चौकट हलवली, तर फोकसची पातळी डोळ्याच्या मागे सरकते आणि पापणीऐवजी कान रेखीव येतो. म्हणून अशा वेळी बिंदूच बदलावा.

फोकस जुळल्याचा गोल ठिपका दर्शकात स्थिर दिसतो. फोकस जुळत नसेल, तर चेहऱ्याच्या सपाट भागाऐवजी केसांच्या कडेवर नेम धरावा. लेन्स निवडताना मात्र ई प्रकारच्या (छिद्र विजेच्या संकेताने चालणाऱ्या) नव्या लेन्स टाळाव्यात, कारण या कॅमेऱ्यावर त्यांचे छिद्र लहान होत नाही.

रोल भरण्याआधी चार सेल घालून रिकाम्या कॅमेऱ्यावरच अर्धा तास सराव करावा. अंगठा आपोआप बटणावर जाऊ लागला की फिल्म भरावी आणि मोजणीत १ हा आकडा उमटल्याची खात्री करून मगच पहिले चित्र घ्यावे.